खर्जाला लागणारी हवा : बेस गिटारसाठी ॲम्प्लिफायर आणि कॅबिनेटची निवड

बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली असता ती सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते, म्हणजे तिची वारंवारता 41 हर्ट्झ असते. हा स्वर साध्या गिटारीच्या सर्वांत जाड तारेपेक्षा बरोबर एक सप्तक खाली येतो, आणि पाच तारांच्या बेस गिटारीवर तर तो 31 हर्ट्झपर्यंत उतरतो. खर्जातले हे स्वर ऐकू येण्यासाठी स्पीकरच्या कागदी शंकूने, म्हणजे कोनने, जेवढी हवा मागेपुढे ढकलावी लागते, तिची कल्पना एका साध्या हिशेबावरून येते : एखादा स्वर तेवढ्याच तीव्रतेने एक सप्तक खाली वाजवायचा असेल, तर कोनला चौपट अंतर हलावे लागते. त्यात भर म्हणजे मानवी कान खर्जाच्या बाबतीत मंद असतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी 1933 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आलेखांतून हे स्पष्ट झाले की, मध्यम पट्टीतील आवाजाइतकाच मोठा भासण्यासाठी खर्जाच्या आवाजाला प्रत्यक्षात कितीतरी अधिक दाब लागतो. बेस गिटारचा ॲम्प्लिफायर आणि कॅबिनेट निवडताना जे प्रश्न उभे राहतात, ते जवळजवळ सगळेच या दोन गोष्टींतून निघतात. दुकानातील फलकावर मात्र पुढे केला जातो तो वॉटचा आकडा, ज्यावरून हवा किती हलेल हे फारसे कळत नाही.

सोयगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी हा विषय थोडा वेगळ्या तऱ्हेने हाताळावा लागतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेखाली, तापीच्या खोऱ्याच्या बाजूला वसलेल्या या गावाला जिल्ह्याच्या मुख्यालयापेक्षा जळगाव जवळ पडते. उन्हाळा कडक, जमीन काळी कपाशीची, आणि वाद्यवृंदाचे बहुतेक कार्यक्रम उघड्यावर. 14 एप्रिलच्या आसपासचे भीमगीतांचे कार्यक्रम, गणेशोत्सव आणि नवरात्रातील ऑर्केस्ट्रा, यात्रा आणि लग्नसराई यांत वादकाच्या पाठीशी भिंत नसते, डोक्यावर छप्पर असलेच तर ते कापडाचे किंवा पत्र्याचे असते, आणि वीज कोठून आली आहे हे पुष्कळदा मंडपवाल्यालाच ठाऊक असते. परदेशी पुस्तकांतील सल्ला बंद सभागृह, स्थिर दाबाची वीज आणि वीस-पंचवीस अंशांचे तापमान गृहीत धरून दिलेला असतो, त्यामुळे तो येथे जसाच्या तसा उतरवून चालत नाही.

मोठमोठ्या कॅबिनेटांची रास रचण्याची जी प्रतिमा तरुण वादकांच्या मनात असते, तिचा उगम समजून घेतला तर बरीच उधळपट्टी टळते. लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि त्याच्या जोडीला 1952 मध्ये बेसमन हा ॲम्प्लिफायर दिला, ज्यात पंधरा इंचाचा एकच स्पीकर होता. त्याआधी उभ्या डबल बेसचा आवाज वाढवण्यासाठी एव्हरेट हल यांनी वाद्याच्या खालच्या टेकणखुंटीत मायक्रोफोन बसवण्याची युक्ती काढली होती, आणि ‘ॲम्प्लिफाइड पेग’, म्हणजे आवाज वाढवणारी खुंटी, यावरूनच त्यांच्या अँपेग कंपनीचे नाव पडले. याच कंपनीने 1969 मध्ये एसव्हीटी हा 300 वॉटचा, निर्वात नळ्यांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा ॲम्प्लिफायर दहा इंची आठ स्पीकरांच्या कॅबिनेटांसह आणला. त्या काळी मैदानावरील सार्वजनिक ध्वनियंत्रणा मुख्यतः गायकाच्या आवाजापुरतीच असे आणि बेसचा खर्ज श्रोत्यांच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी वादकाच्या पाठीमागील कॅबिनेटवरच पडे. आज सक्षम ध्वनियंत्रणा असलेल्या ठिकाणी ही जबाबदारी उरलेली नाही, तरी साठ किलोंच्या त्या पेटीचा मोह मात्र उरला आहे.

म्हणून खरेदीपूर्वीचा पहिला प्रश्न ॲम्प्लिफायरचा नसून ध्वनियंत्रणेचा आहे. ज्या कार्यक्रमांत अठरा इंची स्पीकरांच्या पेट्या, ज्यांना डीजेच्या भाषेत नुसते ‘बेस’ म्हणतात, मंचाच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या असतात, तेथे वादकाने आपल्या ॲम्प्लिफायरच्या मागील डी.आय. या जोडणीतून मिक्सरकडे संदेश द्यावा, डी.आय. म्हणजे वाद्याचा क्षीण विद्युतसंदेश लांबच्या केबलमधून खरखर न घेता नेता यावा अशा रूपात बदलणारी सोय. अशा ठिकाणी ॲम्प्लिफायरचे काम एवढेच उरते की, वादकाला आणि त्याच्या शेजारी बसलेल्या ढोलकी, ऑक्टोपॅड वा ड्रमच्या वादकाला खर्ज नीट ऐकू यावा, आणि त्यासाठी दहा किंवा बारा इंची स्पीकर असलेला शंभर ते दीडशे वॉटचा एकसंध ॲम्प्लिफायर, ज्याला कॉम्बो म्हणतात, पुरेसा होतो. याउलट ज्या कार्यक्रमात मंडपवाल्याकडे खांबावरचे भोंगे आणि उभे कॉलम एवढेच आहेत, तेथे बेस त्यांतून नेण्याचा प्रयत्नच करू नये. भोंगा साधारण दोनशे-अडीचशे हर्ट्झच्या खाली आवाज देऊ शकत नाही. बेसचा खर्ज त्यात लोटला तर ऐकू काही येत नाही आणि भोंग्याचे युनिट मात्र जळते. आहुजासारख्या, 1940 पासून ध्वनिवर्धक बनवणाऱ्या कंपनीच्या यंत्रांवर भोंग्यांसाठी 100 व्होल्टच्या लाइनची जोडणीही असते; त्या जोडणीवर आठ ओहमचे बेस कॅबिनेट थेट लावणे ही एक नेहमीची आणि महागात पडणारी चूक आहे. अशा कार्यक्रमांत वादकाचे स्वतःचे कॅबिनेटच श्रोत्यांपर्यंत पोहोचणार असते, म्हणून तेथे ताकद लागते. पण ताकद म्हणजे काय, हे आधी ठरवावे लागते.

वॉट हे विद्युतशक्तीचे माप आहे, आवाजाचे नव्हे. ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली असता आवाजाची पातळी केवळ 3 डेसिबलने वाढते, आणि कानाला आवाज साधारण दुप्पट भासण्यासाठी 10 डेसिबलची, म्हणजे दहापट शक्तीची गरज असते. याचा अर्थ 200 वॉटच्या जागी 300 वॉटचा ॲम्प्लिफायर घेतल्याने पडणारा फरक पावणेदोन डेसिबलचा, कानाला जेमतेम जाणवणारा असतो, तर किमतीतला फरक चांगलाच जाणवतो. बाजारातील स्वस्त यंत्रांवर पी.एम.पी.ओ. या नावाने छापलेले हजारो वॉटचे आकडे तर विचारातही घेऊ नयेत. ते क्षणमात्र आणि कल्पित परिस्थितीत मिळू शकणाऱ्या शक्तीचे असतात, आणि सतत मिळणारी शक्ती, जी आर.एम.एस. म्हणून दिली जाते, तिच्या कित्येक पट फुगवलेले असतात. जेथे आर.एम.एस. वॉट आणि ते किती ओहमवर मिळतात हे दोन्ही स्पष्ट लिहिलेले नाही, त्या यंत्रापासून दूर राहावे.

वॉटपेक्षा कॅबिनेटची संवेदनशीलता अधिक बोलकी असते. एक वॉट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, यावरून ती मोजतात. एका कॅबिनेटची संवेदनशीलता 94 डेसिबल आणि दुसऱ्याची 100 असेल, तर पहिल्याला 200 वॉट दिल्यावर जेवढा आवाज मिळतो, तेवढाच दुसऱ्याला अवघ्या 50 वॉटवर मिळतो. ज्या गावात रात्री विजेचा दाब पडतो आणि पुष्कळदा जनरेटरवर भागवावे लागते, तेथे हा फरक केवळ कागदावरचा राहत नाही. तरीही या आकड्याला एक खोट आहे, ती अशी की तो बहुधा मध्यम पट्टीतील सरासरी असतो. 40-50 हर्ट्झपाशी तेच कॅबिनेट सहा ते दहा डेसिबलने मागे पडलेले असू शकते. म्हणून पत्रकात आवाजाची खालची मर्यादा दिली असल्यास ती किती डेसिबल घट धरून सांगितली आहे, हे पाहावे. 3 डेसिबल घटीवरचे 45 हर्ट्झ आणि 10 डेसिबल घटीवरचे 45 हर्ट्झ या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत.

उष्णतेचा हिशेबही येथेच येतो. स्पीकरला दिलेल्या शक्तीचा फारच थोडा भाग आवाजात रूपांतरित होतो आणि उरलेला सगळा त्याच्या तांब्याच्या वेटोळ्यात, म्हणजे व्हॉइस कॉइलमध्ये, उष्णता बनून राहतो. तांब्याचा रोध तापमानाच्या दर अंशामागे सुमारे 0.39 टक्क्यांनी वाढतो. वेटोळे 200 अंशांनी तापले, तर रोध जवळजवळ पावणेदोन पट होतो आणि ॲम्प्लिफायरकडून तेवढी शक्ती घेणेच स्पीकरला जमत नाही. तासभर वाजवल्यावर ‘आवाज बसला’ असे जे वाटते, त्याचे एक कारण हे असते, आणि अशा वेळी आवाजाचा खटका आणखी फिरवणे म्हणजे वेटोळे जाळण्याचा रस्ता होय. एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा संध्याकाळीही मंचावरची हवा गरम असते, तेव्हा एकाच स्पीकरवर सगळा भार टाकण्यापेक्षा तो दोन-चार स्पीकरांत वाटलेला चांगला, कारण प्रत्येकाचे वेटोळे कमी तापते.

स्पीकरांच्या इंचांविषयी वादकांत ठाम समजुती असतात : पंधरा इंची म्हणजे खोल खर्ज, दहा इंची म्हणजे टणक आणि स्पष्ट आवाज. यात थोडे तथ्य आहे, पण इंचांपेक्षा एकूण क्षेत्रफळ महत्त्वाचे. पंधरा इंची एका स्पीकरच्या कोनचे कामाचे क्षेत्रफळ साधारण 850 चौरस सेंटिमीटर, बारा इंचीचे 530 आणि दहा इंचीचे 350 असते. म्हणजे दहा इंची चार स्पीकरांचे कॅबिनेट एकूण 1400 चौरस सेंटिमीटर हवेला भिडते आणि पंधरा इंची एकट्या स्पीकरला सहज मागे टाकते. बारा इंची दोन स्पीकरांचे कॅबिनेट हजाराच्या वर जाते आणि तरीही जीपच्या मागे किंवा रिक्षात मावते, म्हणून फिरतीच्या वादकासाठी हा मेळ सर्वांत समंजस ठरतो. पण क्षेत्रफळाइतकेच पेटीच्या आकारमानालाही महत्त्व असते. जोसेफ अँटन हॉफमन, जे के.एल.एच. या अमेरिकी स्पीकर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, त्यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम असे सांगतो की, लहान पेटी, खोल खर्ज आणि उच्च संवेदनशीलता या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. दोन घेतल्या की तिसरी सोडावी लागते. हातात मावेल एवढ्या पेटीतून मोठा आणि खोल खर्ज काढल्याची जाहिरात दिसली, की तिने तिसरी गोष्ट, म्हणजे संवेदनशीलता, सोडलेली आहे आणि ती उणीव वॉटने भरून काढावी लागणार आहे, असे खुशाल समजावे.

पेटी बंद असावी की तोंडाची, हा पुढचा मुद्दा. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारली की तिच्यातून एक ठरावीक स्वर निघतो, कारण घागरीतील हवा स्प्रिंगसारखी दबते-सुटते आणि गळ्यातील हवेचा खांब तिच्यावर हेलकावे घेतो. पेटीला समोर किंवा मागे जे नळीसारखे तोंड ठेवलेले असते, ते याच तत्त्वावर काम करते. तोंडाची लांबी-रुंदी अशी ठरवलेली असते की, कोन जेथे दमतो त्या वारंवारतेला ही हवा आपला आवाज मिळवते. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थिएल यांनी 1961 मध्ये आणि पुढे 1970 च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी हा हिशेब गणिताने मांडला, आणि आजचा प्रत्येक जाणता उत्पादक त्यांचीच मापे वापरतो. तोंडाच्या पेटीचा लाभ मोठा, पण तिचा एक धोका ध्यानात ठेवला पाहिजे : ज्या वारंवारतेला पेटी जुळवलेली असते, तिच्याखालच्या स्वरांना आतील हवा कोनला आधार देत नाही आणि कोन मोकाट हलू लागतो. पाच तारांचा बेस वाजवणाऱ्याने, किंवा तारेवर तळहाताचा धक्का देऊन वाजवणाऱ्याने, म्हणून अतिखर्ज कापणारी गाळणी, जिला हाय-पास फिल्टर म्हणतात, 30-35 हर्ट्झवर लावावी. श्रोत्याला तिची उणीव कळत नाही आणि स्पीकर वाचतो. बंद पेटीत हा धोका कमी असतो, आवाज आटोपशीर राहतो, पण तेवढ्याच आकारात खर्ज थोडा आधी उतरणीला लागतो. अँपेगचे दहा इंची आठ स्पीकरांचे प्रसिद्ध कॅबिनेट बंद पेटीचेच आहे.

पेटी घरी किंवा सुताराकडून करवून घेण्याची चाल आपल्याकडे आहे आणि ती वाईट नाही, मात्र ती अंदाजपंचे नसावी. स्पीकरच्या पत्रकात दिलेल्या मापांवरून आकारमान आणि तोंड ठरवावे, 18 मिलिमीटरचे चांगले प्लायवूड वापरावे, सांध्यांना डिंक आणि स्क्रू दोन्ही द्यावेत, आणि आतून आडवे आधार घालावेत. भुसा दाबून केलेली एम.डी.एफ.ची फळी मात्र टाळावी, कारण ती पावसाळ्यात फुगते आणि घाटातल्या धक्क्यांनी तिच्यातील स्क्रू सैल होतात. लोखंडी जाळी आणि कोपऱ्यांना पत्रा लावणे शोभेसाठी नसते.

ओहमचा विषय थोडक्यात आटोपण्यासारखा असला, तरी सर्वाधिक यंत्रे त्यातच जळतात. प्रत्येक कॅबिनेटवर त्याचा इम्पिडन्स, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा सरासरी विरोध, 4 किंवा 8 ओहम असा लिहिलेला असतो. आठ ओहमची दोन कॅबिनेटे समांतर जोडली की 4 ओहम, चार जोडली की 2 ओहम, आणि आठाला चार जोडला की सुमारे 2.7 ओहम होतात. आकडा जितका खाली, तितका प्रवाह अधिक. ज्या ॲम्प्लिफायरवर किमान 4 ओहम लिहिले आहे, त्याला त्याहून कमी भार देऊ नये. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचे उलट : त्याला स्पीकर न जोडता चालू करून वाजवले तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर निकामी होऊ शकतो. सुरुवातीला आठ ओहमचे एकच कॅबिनेट घेऊन ठेवावे, म्हणजे पुढे दुसरे जोडता येते. गिटारची बारीक केबल स्पीकरसाठी वापरू नये. स्पीकरला जाड तांब्याची दुतारी केबल, आणि शक्य असल्यास फिरवून अडकवण्याची स्पीकॉन पिन वापरावी, कारण ओढाताणीत ती सुटत नाही.

ॲम्प्लिफायरच्या प्रकारांत आज क्लास-डी या रचनेने बाजार व्यापला आहे. त्यात प्रवाह अतिवेगाने चालू-बंद करून आवाज वाढवला जातो, त्यामुळे उष्णतेत वाया जाणारी शक्ती कमी होते आणि 300-500 वॉटचे हेड, म्हणजे स्पीकरविरहित ॲम्प्लिफायर, दोन-तीन किलोंत मिळते. व्हॉल्व्हच्या आवाजातली ऊब आणि जोरात वाजवल्यावर येणारा सुखद जाडपणा यांची वादकांना ओढ असते, ती समजण्यासारखी आहे. पण जवळपास चाळीस किलोंचे यंत्र घाटातून नेणे, त्याच्या नळ्या वेळोवेळी बदलणे आणि अस्थिर दाबावर ते सांभाळणे, हे तालुक्यातील फिरत्या वाद्यवृंदाला परवडणारे नाही, असे येथे स्पष्टच म्हटले पाहिजे. ती ऊब हवीच असेल तर आवाजात तसा जाडपणा आणणारा पेडल पुढे लावावा. सरावासाठी 30 ते 50 वॉटचा कॉम्बो, ढोलकी-कीबोर्डच्या मैफलीसाठी 100 ते 150, आणि ड्रमसह उघड्या मैदानात ध्वनियंत्रणेच्या आधाराशिवाय वाजवायचे असेल तर 300 वॉट आणि हजार चौरस सेंटिमीटरहून अधिक क्षेत्रफळाचे कॅबिनेट, असा ढोबळ अंदाज धरता येतो. साध्या गिटारच्या ॲम्प्लिफायरवर बेस जोरात वाजवू नये. त्याची पेटी मागून उघडी असते आणि स्पीकर खर्जाचा झटका सोसण्यासाठी बनलेला नसतो. कीबोर्डचा ॲम्प्लिफायर मात्र अडीअडचणीला चालतो.

परदेशातील नातेवाइकाने अमेरिकेतून आणलेले यंत्र 120 व्होल्टचे असू शकते. मागील पट्टीवर 100-240 असे लिहिलेले नसेल, तर योग्य क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मरशिवाय ते आपल्या 230 व्होल्टच्या विजेला लावू नये.

विजेचा विषय मात्र थोडक्यात आटोपू नये, कारण येथे यंत्राबरोबर जिवाचा प्रश्न आहे. 3 मे 1972 रोजी वेल्समधील स्वान्झी येथे स्टोन द क्रोज या वाद्यवृंदाचे गिटारवादक लेस हार्वी यांचा, मंचावरील नीट अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून, विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. बेस वाजवता वाजवता गाणारा वादक नेमका याच संकटात असतो : बोटे तारांवर, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगशी जोडलेली, आणि ओठ मायक्रोफोनच्या जाळीला, जी मिक्सरच्या अर्थिंगशी जोडलेली. दोन्ही यंत्रांपैकी एकाचे अर्थिंग सदोष असेल तर त्यांच्यातील विद्युतदाब वादकाच्या शरीरातून वाट काढतो. म्हणून ॲम्प्लिफायर आणि मिक्सर एकाच बोर्डावरून चालवावेत, आणि वादन सुरू होण्यापूर्वी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याची एक टोकणी तारेला व दुसरी मायक्रोफोनच्या जाळीला लावून पाहावी. आकडा शून्याच्या जवळपास असावा. तो दहा-वीस व्होल्टवर गेला तरी दोष सापडेपर्यंत हात लावू नये. घूं असा गुणगुणाट घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगमधील अर्थिंगची पिन काढून टाकण्याची जी सवय दिसते, ती जीवघेणी आहे, त्यासाठी डी.आय.वरील ग्राउंड लिफ्टचे बटण असते, जे फक्त संदेशाच्या केबलमधील जोड तोडते आणि विजेचे अर्थिंग शाबूत ठेवते.

काळ्या जमिनीत अर्थिंगची स्वतःची एक अडचण आहे. ही माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते, पण उन्हाळ्यात ती आक्रसते, तिला भेगा पडतात आणि अर्थिंगच्या सळईपासून ती सुटते. जे अर्थिंग पावसाळ्यात उत्तम होते, तेच मे महिन्यात नावापुरते उरते. मीठ-कोळसा घालून केलेल्या खड्ड्यात कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी पाणी सोडणे हा जुना उपाय आजही खरा आहे. तारेवर आकडा टाकून घेतलेल्या विजेला अर्थिंग नसतेच, शिवाय त्या जोडणीत न्यूट्रल सुटण्याची भीती असते. तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रल सुटले, तर 230 व्होल्टवर चालणाऱ्या यंत्रावर 400 व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो आणि मंचावरील सगळीच यंत्रे एका क्षणात जातात. वादकाने आपल्या यंत्रासाठी दाब मर्यादेबाहेर गेल्यास वीज तोडणारे उपकरण आणि 30 मिलिअँपिअरचे आर.सी.सी.बी., म्हणजे गळती होताच प्रवाह तोडणारे बटण, असलेला स्वतःचा छोटा बोर्ड बाळगावा. त्याची किंमत ॲम्प्लिफायरच्या दुरुस्तीपुढे किरकोळ आहे. जनरेटर असल्यास तो सुरू होऊन स्थिर झाल्यावरच ॲम्प्लिफायर चालू करावा, आणि जनरेटर बंद करण्यापूर्वी तो बंद करावा.

मांडणीचा परिणाम किती मोठा असतो, हे तरंगलांबीवरून कळते. उन्हाळ्याच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे 355 मीटर जातो, म्हणून 41 हर्ट्झच्या स्वराची एक लाट साडेआठ मीटरहून लांब असते. कॅबिनेटचा पडदा पाठीमागील भिंतीपासून एक मीटरवर असेल, तर भिंतीवरून परतणारी लाट 85 ते 90 हर्ट्झच्या आसपास मूळ लाटेला छेद देते आणि नेमका तेथला आवाज नाहीसा होतो. म्हणून मंगल कार्यालयात कॅबिनेट भिंतीला टेकवून ठेवावे, किंवा मग पुष्कळ पुढे आणावे. उघड्या मैदानात भिंत नसल्याने तिचा आधारही मिळत नाही, आणि अंतर दुप्पट झाले की 6 डेसिबल या दराने आवाज घटत जातो; एक मीटरवरच्या 120 डेसिबलचे 32 मीटरवर 90 होतात. अशा ठिकाणी कॅबिनेट थेट जमिनीवर ठेवल्याने खर्जाला थोडा हातभार लागतो. फळ्या ठोकून केलेले पोकळ व्यासपीठ मात्र स्वतःच ढोलासारखे वाजू लागते आणि सगळा खर्ज गढूळ करते. तेथे कॅबिनेटखाली जाड फोम किंवा जुन्या टायरचे तुकडे घालावेत आणि पेटी जरा मागे कलती ठेवावी, म्हणजे आवाज वादकाच्या पोटऱ्यांऐवजी कानांकडे येईल.

खटके जुळवताना प्रथम सर्व स्वरपट्ट्या मध्यावर ठेवून इनपुट गेन वाढवावा, सर्वांत जोराच्या ठोक्याला तांबडा दिवा क्षणभर लुकलुकेल इतपत, आणि मग मास्टरने आवाज ठरवावा. ड्रमसोबत बेस ऐकू येत नाही अशी तक्रार आली की बहुतेक वादक बेसचा खटका फिरवतात. खरे तर त्या वेळी 500 ते 800 हर्ट्झची मध्यम पट्टी थोडी वाढवायला हवी, कारण कान स्वराची ओळख तेथूनच पटवतो, आणि 200 ते 300 हर्ट्झचा घुमारा थोडा कमी करायला हवा. डग्गा लावताना तबलावादक केवळ घुमाराच बघत नाही, त्यावरचा ठोकाही स्पष्ट ठेवतो, तसेच हे आहे. घरात एकट्याने वाजवताना गोड वाटलेली मांडणी, जिच्यात खर्ज व तार दोन्ही चढवून मध्य पाडलेला असतो, मंचावर हमखास हरवते.

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या केंद्रीय नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा, आणि रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्या भोवतालचे शंभर मीटर शांतता क्षेत्र मानले जाऊ शकते. राज्य शासन वर्षातून अधिकाधिक पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकते. ही मोजणी ज्या ‘ए’ भारांकाने होते, त्यात 40 हर्ट्झचा आवाज सुमारे 35 डेसिबलने कमी धरला जातो, त्यामुळे यंत्राच्या काट्यावर बेस निर्दोष ठरतो आणि शेजारच्या घरावरचे पत्रे मात्र थरथरतात. काट्याचा आधार घेण्यापेक्षा पत्र्यांकडे लक्ष द्यावे.

जुने यंत्र विकत घेताना कोनवर दोन्ही हातांची बोटे समान दाबाने टेकवून तो हळूच आत लोटावा. खरखर जाणवली तर वेटोळे घासत आहे. स्पीकरच्या टोकांना मल्टिमीटर लावला असता आठ ओहमचा स्पीकर साधारण 6 आणि चारचा 3 ते साडेतीन दाखवतो; काहीच न दाखवणारा जळालेला असतो. वेटोळे जळाल्यास संपूर्ण स्पीकर टाकून देण्याची गरज नाही, जळगाव किंवा छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरांत कोन व वेटोळे बदलून देणारे कारागीर मिळतात, मात्र मूळ मापाचा संच घालून घ्यावा, नाही तर पेटीच्या तोंडाशी त्याचा मेळ बसत नाही. कापूस वेचणीच्या हंगामात हवेत उडणारे तंतू ॲम्प्लिफायरच्या पंख्याच्या जाळीत अडकतात. ती दर महिन्याला मऊ ब्रशने साफ करावी, अन्यथा यंत्र तापून मध्येच बंद पडते. पावसाळ्यात पेटी जमिनीपासून वितभर उंच ठेवावी आणि तिच्या तोंडावर आतून बारीक तारेची जाळी बसवावी, कारण धान्य आणि सरकीच्या शेजारी ठेवलेल्या पेटीत उंदीर घर करतात आणि आतील कापूस व कोनचा कागद या दोहोंचा फडशा पाडतात.